वादळानं आणलेले पक्षी

बनावट पक्षीसहलीत गेलेले पैसे परत मिळतील ही आशा मी सोडली आहे. पण ऑक्टोबर लागला की दुर्बीण पुसायला घेणारे आमच्यासारखे आणखी कुणी सापडू नयेत, म्हणून लिहितोय.

२०२४ चा ऑगस्ट बडोदेकर विसरणार नाहीत. विश्वामित्रीचं पाणी घरात आणि मगरी सोसायटीत. पुराचा तोच पाऊसपट्टा कच्छवरून समुद्रात उतरला आणि ३० ऑगस्टला त्याचं ‘आसना’ चक्रीवादळ झालं. गाद्या वाळवून दमलेल्या आम्हा चौघांना, म्हणजे मी, भाचा आणि दांडिया बाजारातले दोन शेजारी, कुठंतरी मोकळ्यावर जायचं होतं. एरवी आमची धाव वढवाणा तलावापर्यंत, पण तिथं पट्टकादंब, म्हणजे हिवाळ्यात येणारे हंस, उतरायला अजून अवकाश होता.

तेवढ्यात भाच्याच्या मोबाइलवर जाहिरात आली. जामनगरजवळचं पिरोटन बेट, कोजागिरीनंतरचा शनिवार, १९ ऑक्टोबर, माणशी ६,५०० रुपये. क्रॅब प्लोव्हर हा खेकडे खाणारा किनारपक्षी हमखास, आणि वर ‘आसनानं आणलेले फ्रिगेटबर्ड बेटावर मुक्कामाला’, म्हणजे भर समुद्रावर फिरणारे, आपल्याकडे क्वचितच दिसणारे पक्षी. सोबत ‘कालचा’ फोटो, कोपऱ्यात विजेची तार.

“मामा, चार जागा उरल्यात, टाकू का?”

“टाक,” म्हणालो मीच.

खरं तर मला कळायला हवं होतं. वादळात भरकटलेले समुद्रपक्षी दिसतात ते दोन-चार दिवस. दमलेले मरतात, उरलेले समुद्राकडे परततात. दीड महिना मुक्काम करायला ते काय पाहुणे आहेत? शिवाय आसना जमिनीवर तयार होऊन समुद्रात गेलेलं. यानं पक्षी आणले कुठून, एवढं तरी विचारायचं! पण फ्रिगेटबर्ड म्हटल्यावर वीस वर्षांचं पक्षीनिरीक्षण एका क्षणात वाहून गेलं.

पुढं ‘परवान्याचे’ म्हणून माणशी १,२०० आणि आधारकार्डाचे फोटो मागितले. पिरोटन सागरी राष्ट्रीय उद्यानात येतं, वनखात्याच्या परवानगीशिवाय जाता येत नाही, हे माहीत असल्यामुळेच मागणी खरी वाटली. शिक्का मारलेलं पत्रही आलं. त्यावर जावक क्रमांक नव्हता, पैसे एका माणसाच्या खात्यात गेले होते. दोन्ही मागाहून दिसलं.

सगळ्यात ठळक खूण कार्यक्रमपत्रिकेतच होती: सकाळी आठला होडी, एकला परत जेवायला. बेडी बंदरातून पिरोटनला भरतीच्या पाण्यावर जातात. ओहोटीत चिखल उघडा पडतो, मग पुढच्या भरतीची वाट बघायची. दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तास. घरबसल्या भरतीचं कोष्टक बघितलं असतं, तरी पुरे होतं.

रात्रीच्या गाडीनं जामनगर गाठलं. बेडीला कुणी नव्हतं, फोन बंद. एका होडीवाल्यानं पत्र उलटंसुलटं बघितलं आणि विचारलं, जामनगरच्या वनखात्याच्या ऑफिसात आधी फोन का नाही केला? उत्तर नव्हतं. तिथूनच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. ३०,८०० रुपये तोवर खात्यातून पुढं सरकले होते. आधारकार्डाची धास्ती अजून आहे.

२५ ऑक्टोबरच्या पहाटे ‘दाना’ वादळ ओडिशाच्या किनाऱ्यावर आलं. तीन दिवसांनी भाच्यानं मोबाइल पुढं केला. ओडिशातल्याच भितरकनिकाची सहल, नाव नवं, नंबर नवा, ‘दानानं आणलेले फ्रिगेटबर्ड’. फोटो तोच. कोपऱ्यातली तारसुद्धा.