बी इथून घ्या, औषधाची यादी घरी नेऊन वाचा

कर्नाटकातल्या आमच्या अथणीत बी-खताची दुकानं भरपूर. मे महिना लागला की सगळ्यांच्या दारात सारखेच बोर्ड झळकतात, त्यावर पंज्याएवढं फुटलेलं बोंड आणि खाली कसला तरी नंबर. हे दुकान दिसायला त्यातलंच एक. पाटी कन्नडमध्ये, मालक दोन्ही भाषा बोलणारा, आत पोत्यांच्या थप्प्यांमधून दोन माणसं कशीबशी उभी राहतील एवढीच जागा. तरी कपाशीचं बी आम्ही इथूनच नेतो. "अमुक नंबर द्या" म्हटलं की मालक लगेच पाकीट काढत नाही. आधी विचारतो, "अक्का, रान कसलं? पाणी किती?"

आमच्या तालुक्यात हा प्रश्न न विचारता बी देणं म्हणजे नुसता धंदा. कृष्णाकाठी उसाचं पाणी आहे, तिथली काळी रानं कंबरभर खोल. आम्ही महाराष्ट्रातल्या जतच्या शिवेकडचे, आमच्याकडं विहिरीला दिवाळीपर्यंत पाणी टिकलं तर नशीब. घरची दोन तुकडी आहेत, एक विहिरीखालचं काळं रान आणि एक मुरमाड चढ. पूर्वी सासरे दोन्हीकडं एकच वाण टोकायचे, शेजाऱ्यानं लावलेलं. मालकानं पहिल्यांदा दोन वेगळी पाकिटं हातात दिली तेव्हा मामंजींना वाटलं, हा शिल्लक माल खपवतोय.

त्याचा हिशेब मात्र रास्त निघाला. हलक्या रानात ओल लवकर तुटते. तिथं १४०-१५० दिवसांत आवरणारा वाण हवा, बोंड मध्यम असलं तरी चालेल, पण एकदम भरून एकदम फुटलं पाहिजे. १७०-१८० दिवसांचा वाण तिथं लावला तर वरची बोंडं कवडी होऊन वाळतात. काळ्या रानात पाणी देता येतं म्हणून थोडा उशिराचा चालतो, पण तिथंही फार लांबणारा नको. कारण गुलाबी बोंडअळी. दिवाळीच्या पुढं तिचा जोर वाढत जातो, आणि जे पीक त्याआधी बऱ्यापैकी वेचून झालं ते सुटलं. आमच्याकडं हलक्या रानात एकरी सहा क्विंटल आणि विहिरीखाली दहाच्या आसपास पडतो, तोही पाऊस वेळेवर असला तर. बोर्डावर जे वीस-वीस क्विंटल लिहिलेलं असतं त्यावर मी कधी भांडत नाही, बघतसुद्धा नाही.

दराबाबत तक्रार नाही. बीटी कपाशीच्या, म्हणजे बोंडअळीला मारणारा गुण बियातच घातलेल्या कपाशीच्या, पाकिटाची कमाल किंमत २०१६ पासून केंद्र सरकार ठरवतं. बोलगार्ड दोन या बीटी प्रकाराचं पाकीट २०२४ ला ८६४ रुपये होतं, २०२५ ला ९०१ झालं. इथं सरकारनं ठरवलेलेच घेतात, वर एक रुपया नाही, आणि न मागता पक्कं बिल देतात. दुसऱ्या एका गावातल्या दुकानात मला चलतीचं पाकीट हवं तर सोबत टॉनिकची बाटली घ्यावी लागेल असं ऐकवलं होतं. मी दोन्ही ठेवून निघाले. इथं तसली जोडगोळी गळ्यात घालत नाहीत. चोर बीटीही ठेवत नाहीत. तणनाशक मारलं तरी जळत नाही म्हणून जे बिनबिलाचं बी बाजारात कुजबुजत विकलं जातं, ते मागायला आलेल्या एकाला मालकानं माझ्यासमोर बाहेरचा रस्ता दाखवला. त्या बियाला सरकारची परवानगी नाही, उगवलं नाही तर दाद कुणाकडं मागणार?

मध्यंतरी महाराष्ट्रात बोंडअळीचं चक्र तोडायला १ जूनच्या आधी शेतकऱ्याला कपाशीचं बी विकायला बंदी असायची. तेव्हा जतकडचे पाव्हणे मेमध्येच इथं येऊन चौकशी करायचे. लवकर लावलेली कपाशी लवकर फुलते आणि पहिल्या पतंगांना आयतं घर मिळतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. मालक बी द्यायचा, पण "चांगला ७५-१०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय टोकू नका" हे बिल फाडताना प्रत्येकाला सांगायचा. हे मी कानांनी ऐकलंय.

आता पाकिटाबद्दल. एक पाकीट ४७५ ग्रॅमचं, त्यात साधारण पाच हजारांच्या आसपास बी. बी टपोरं असलं तर कमी भरतं. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. चार बाय दोन फुटांवर एकेक बी टोकलं तर ५,४४५ ठिकाणं होतात, पाकीट जेमतेम पुरतं, कधी थोडं कमीही पडतं. हलक्या रानात झाड थोराड होत नाही, तिथं तीन बाय दोन घेतलं तर ७,२६० ठिकाणं, म्हणजे दीड पाकीट लागणार. मालक हलक्या रानाला दोन पाकिटं सुचवतो तेव्हा तो गिऱ्हाईक कापतोय असं समजू नका. उरलेल्या बियांची रोपं प्लॅस्टिकच्या पिशव्यांत करून ठेवायची आणि नांग्या पडल्या, म्हणजे बी न उगवून जागा मोकळ्या राहिल्या, तिथं लावायची, दहा-बारा दिवसांच्या आत. लेबलवर उगवण किमान ७५ टक्के लिहिलेली असते, म्हणजे चारातलं एक न उगवलं तर कंपनीचा दोष नाही. आम्ही ओल्या गोणपाटात शंभर बिया गुंडाळून बघतो. औषध नि रंग लावलेलं बी असतं, हात धुवायला विसरू नये, आणि पोरांच्या हाती तर देऊच नये.

पाकिटात पाच ते दहा टक्के बी बिगर बीटी मिसळलेलं असतं. पूर्वी त्याची १२० ग्रॅमची वेगळी पुडी यायची, रानाच्या कडेनं लावायला. अळीला बीटी पचायची सवय लागू नये म्हणून ती सोय. बहुतेकांनी ती पुडी बांधावर फेकली, आणि आता बोलगार्ड दोनचं संरक्षण गुलाबी अळीपुढं उरलेलं नाही हे सगळे बघतातच. हिरवी अळी अजून बऱ्यापैकी रोखली जाते, गुलाबी नाही. म्हणून दुकानात दुपारी बसणारा मालकाचा भाचा "या वाणात बोंडअळी येत नाही" म्हणतो तेव्हा मला हसू येतं. तो पोरगा वाईट नाही, पण त्याला बोर्ड पाठ आहे, रान पाठ नाही. बी घ्यायला सकाळी जा, मालक असताना.

वाण निवडताना बाप्यांचं लक्ष बोंडाच्या आकारावर असतं. वेचायचं काम आमच्याकडं, म्हणून मी वेगळं विचारते. बोंड पुरतं उघडतं का? पाकळ्या वाळल्यावर सुईसारख्या टोचतात का? कापूस बोटाला धरून एका ओढीत निघतो की अर्धा आतच राहतो? मजुरी किलोवर असते, त्यामुळं न उघडणाऱ्या वाणाच्या रानात बायका यायलाच नको म्हणतात. उलट फार सैल उघडणारा वाण वाऱ्या-पावसात भुईवर गळतो नि मातीत मिसळतो. मालकाला हा प्रश्न पहिल्यांदा विचारला तेव्हा तो गप्प झाला होता. पुढच्या हंगामात त्यानंच दोन-तीन गावच्या बायकांना विचारून ठेवलं होतं, कुठल्या नंबरचं कसं वेचलं जातं ते. या एका गोष्टीसाठी मी या दुकानाचं नाव दहा जणींना सांगितलं.

मालक पानावरची लवही बघायला सांगतो. लव जास्त असेल त्या वाणावर तुडतुडे कमी बसतात. आमच्या कोरड्या हवेत तुडतुडेच आधी छळतात, पानांच्या कडा लाल होऊन खाली वळतात.

इथपर्यंत सगळं चांगलं. आता औषधं.

बियाच्या बिलासोबत इथं एक छापील कागद मिळतो, "फवारणी वेळापत्रक". पहिली फवारणी पंधराव्या दिवशी, मग दर दहा-बारा दिवसांनी, प्रत्येकीत कीटकनाशक, बुरशीनाशक आणि टॉनिक. तो कागद चुलीत घाला असं मी म्हणणार नाही, पण घरी नेऊन शांतपणे वाचा. बियाला लावलेलं औषध पहिले तीन-चार आठवडे मावा-तुडतुड्यांना बऱ्यापैकी आवरतं. तेव्हा फवारलं तर मावा-तुडतुडे खाणारे, आपल्या कामाचे ढालकिडे आणि क्रायसोपा मरतात, बाकी काही नाही. आम्ही त्यानंतरही आधी पाच टक्के निंबोळी अर्क मारतो आणि पानं उलटून मोजल्याशिवाय पुढचं काही घेत नाही. तीन औषधं एका पंपात कालवणं तर नकोच. २०१७ ला यवतमाळकडं फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं गेली, ती बातमी आमच्या घरात अजून निघते. इथं हातमोजे नि तोंडाचा मास्क मागितला तर "पुढच्या आठवड्यात" असं उत्तर आलं. औषधाच्या बाटल्या छतापर्यंत आहेत, मास्क नाही. हे बरोबर नाही, आणि मालकाला मी तोंडावर सांगितलंय.

दुसरी तक्रार कामगंध सापळ्यांची, म्हणजे मादीच्या वासाची गोळी ठेवून नर पतंग पकडायच्या सापळ्यांची. एकरी दोन सापळे लावायचे, पीक दीड महिन्याचं झालं की. सलग तीन रात्री दर सापळ्यात रोज आठ किंवा जास्त पतंग सापडले, किंवा फुलं-बोंडं तोडून बघितल्यावर शंभरात दहा किडकी निघाली, तर फवारणी. त्याआधी नाही. डोमकळ्या, म्हणजे पाकळ्या मिटून गुंडाळलेली फुलं, दिसली की तोडून बादलीत बुडवायची. हे सगळं स्वस्तातलं काम, पण ऑगस्टमध्ये ऐन गरजेला इथं गुलाबी अळीच्या गोळ्याच नव्हत्या. दुसऱ्याच कुठल्या तरी अळीच्या होत्या, भाच्यानं त्याच पुढं केल्या. "गोळी ती गोळीच" म्हणे! पाकिटावर पेक्टिनोफोरा, म्हणजे गुलाबी अळीचं शास्त्रातलं नाव, लिहिलेलं असेल तरच घ्या. मी शेवटी शेतीखात्याच्या रयत संपर्क केंद्रात जाऊन चौकशी केली, तिथून मिळाल्या.

लाल्याच्या बाबतीत मात्र मालकानं महागाचं काही गळ्यात मारलं नाही. बोंडं भरताना पानं लाल पडायला लागली तेव्हा त्यानं साधं मॅग्नेशियम सल्फेट दिलं, १५ लिटरच्या पंपाला १५० ग्रॅम, सोबत थोडा युरिया. जुनी लाल पानं हिरवी होत नाहीत, नवी तेवढी वाचतात, हेही आधीच सांगितलं. असा माणूस वेळापत्रकाचा तो कागद का छापतो, कोण जाणे.

डिसेंबरात भाच्यानं आणखी एकदा प्रयत्न केला. एक पाणी नि एक पोतं खत द्या, फरदड घ्या, म्हणजे तीच कपाशी पुढं चालू ठेवा, चार क्विंटल जास्तीचा येतो. येत असेलही. पण त्या खोडव्यावर गुलाबी अळी उन्हाळाभर पोसते आणि पुढच्या साली अख्ख्या शिवाराला भोगावं लागतं. आम्ही जानेवारी उजाडण्याआधी रान मोकळं करतो, पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवत नाही, आणि विहिरीखाली भुईमुगाची तयारी धरतो.

बी घेतलंत तर बिलावर वाणाचं नाव आणि लॉट नंबर लिहून घ्या, इथं लिहून देतात. पाकीट फोडताना लेबलाच्या बाजूनं फाडू नका, खालून कात्रीनं कापा. रिकामं पाकीट, चिमूटभर बी आणि बिल एका पिशवीत घालून शेवटची वेचणी होईपर्यंत ठेवा. उगवण फसली किंवा बोंडंच धरली नाहीत तर तक्रार घ्यायला येणारा अधिकारी पहिल्यांदा तेच मागतो.