गप्पीच्या लाल जंतांवर लेवामिसोल, वापरून बघितलं

गप्पीच्या शेपटीखालून बारीक लाल दोऱ्यासारखं काहीतरी लोंबत होतं, मासा थांबला की बाहेर आणि हलला की आत, बघूनच पोटात गोळा आला. हे कॅमॅलॅनस, म्हणजे माशाच्या आतड्यात राहणारे गोल जंत. दुकानवाल्याने लेबल नसलेली पांढरी पुडी दिली, ती बिलकुल वापरू नका, आत काय आणि किती आहे कळतच नाही. शेवटी प्राण्यांच्या डॉक्टरांनी लेवामिसोल हे जंतांचं औषध लिहून दिलं, आणि मेडिकलवाल्याने चिठ्ठी बघूनच दिलं, ते बरोबरच आहे. प्राझिक्वांटेल हे जंतांचं दुसरं औषध टेपवर्म आणि फ्लूक या चपट्या जंतांसाठी, या गोल जंतांवर चालत नाही. डोस लिटरला २ मिग्रॅ, म्हणजे माझ्या ६० लिटरच्या टाकीला १२० मिग्रॅ, पण पावडरमध्ये मूळ औषध किती टक्के आहे ते धरून हिशोब करा. फिल्टरमधला कार्बन काढला (तो औषध शोषून घेतो), लाईट बंद, २४ तास. जंत मरत नाहीत, लुळे होऊन पडतात, म्हणून तळ सायफनने नीट ओढून पाणी बदलायचंच. ३ आठवड्यांनी परत एक डोस दिला. सगळे गप्पी वाचले, आता खातायत पण मस्त. पाच पैकी पाच!