पेटी घरी आली, सूर दुकानातच राहिले

हे लिहू की नको असं करत तीन महिने गेले. नवरा म्हणतो सोड आता. पण गेल्या आठवड्यात ऑफिसमधली एक मैत्रीण विचारत होती की घरची जुनी पेटी, म्हणजे हार्मोनियम, दुरुस्तीला टाकायचीय, आणि तिच्या हातात कार्ड त्याच दुकानाचं, ते बघून पोटात गोळाच आला म्हणून बसले लिहायला. दुकानाचं नाव घेत नाही. पुण्यात पेठेत आहे एवढंच सांगते.

आमची पेटी आजोबांची. १९५६ साली त्यांनी मुंबईहून आणलेली, ३९ पट्ट्यांची, डबल सुरांची म्हणजे एका पट्टीला दोन सूर, एक खालचा खर्ज आणि एक मधला नर, आणि आत सगळे जर्मन सूर. तेव्हा आकाशवाणीवर पेटीला बंदी होती (१९४० ला घातली ती १९७१ पर्यंत काही उठली नाही), पण कीर्तनाला आणि नाट्यसंगीताला पेटीशिवाय चालायचंच नाही, आणि आजोबा कीर्तनाच्या साथीला जायचे. त्यांची एक वही आहे, त्यात पेटीवर केलेला प्रत्येक खर्च लिहिलाय, अगदी भात्याचं चामडं कधी बदललं तेसुद्धा. ही वही लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पेटीचा जीव म्हणजे तिचे सूर. पितळेच्या छोट्या तुकड्यावर रिव्हेट मारून बसवलेली पातळ जीभ, हवा गेली की ती थरथरते आणि आवाज येतो. ३९ पट्ट्या गुणिले दोन म्हणजे आमच्या पेटीत ७८ सूर. ते आतल्या फळीला खालच्या बाजूने स्क्रूने बसवलेले असतात, त्यामुळे वरचं झाकण उघडलं तरी दिसत नाहीत, पूर्ण फळी काढून उलटी करावी लागते. आता ती फळी उलटी करून बघायला कोण जातंय? इथेच सगळी ग्यानबाची मेख आहे. लाकूड, भाता, पट्ट्या, कपडा सगळं तुमच्या डोळ्यासमोर, आणि ज्याला खरी किंमत आहे ते लपलेलं.

लेक पेटी शिकायला लागली तेव्हा बाबांनी ही पेटी आमच्याकडे पाठवून दिली. हवा जात होती, दोन-तीन सूर हलले होते. क्लासच्या सरांनी हे दुकान सांगितलं. (सरांना तिथून गिऱ्हाईकामागे काहीतरी मिळतं हे नंतर कळलं. त्यात गुन्हा काही नाही म्हणा, पण सांगायला हवं होतं.)

दुकानातली माणसं इतकी गोड की काय सांगू. मालक साठीचे, कपाळाला गंध, मला पहिल्या वाक्यापासून ताई. काउंटरवर एक पोरगा, वीस-बावीसचा, गिऱ्हाईक नसलं की कोपऱ्यात बसून स्वतःच पेटी वाजवायचा आणि फार सुंदर वाजवायचा, माझी लेक तर बघतच बसली. आणि मागच्या खोलीत कारागीर मामा, ते बाहेर यायचे नाहीत, फक्त कानशीचा आवाज यायचा. मालकांनी पेटीवर हात फिरवला, एक पट्टी दाबली, डोळे मिटले आणि म्हणाले, "ताई, ही पेटी नाही, हे देवघर आहे." मी पाघळले. नंतर विचार केला तर लक्षात आलं की देवघरात काय काय आहे हे त्या माणसाला एका पट्टीत कळलं होतं, आणि मला मात्र वही वाचूनसुद्धा कळलं नव्हतं.

पावती दिली त्यावर फक्त "पेटी १ नग, दुरुस्ती व ट्युनिंग". सूर कुठले, किती, काही नाही. मी बिल मागितलं तर म्हणाले बिल पाहिजे तर १८ टक्के वर लागतील, आपल्यात कशाला. आपल्यात! मीपण म्हटलं बरोबर आहे, कशाला.

आठ दिवसांची पेटी पाच आठवडे राहिली. आधी गणपतीची गडबड, मग कारागीर गावाला गेला, मग पाऊस आहे चामडं वाळत नाही. मधे एकदा फोन आला की ताई तीन सूर गंजलेत, बदलावे लागतील. मी हो म्हटलं. पितळ गंजत नाही ताईमाई अक्का! हिरवट होतं, काळवंडतं, पण गंजतं लोखंड. दहावीपर्यंत शाळेत शिकलेय हे मी, आणि तरी हो म्हटलं.

पेटी आली ती नवरीसारखी नटून. नवीन पॉलिश, चकचकीत कड्या, जाळीमागे लाल मखमल, आणि आवाज कसा, तर खणखणीत, आधीपेक्षा मोठा. ९,५०० रुपये दिले, वर काउंटरवरच्या पोराला शंभर चहापाण्याला, तो घेत नव्हता, बळंच दिले. त्याने मान खाली घालून घेतले. तेव्हा वाटलं किती लाजाळू पोरगं.

खणखणीत आवाजाला भुलू नका हो. मला कोणी हे आधी सांगितलं असतं तर. जुन्या चांगल्या सुराला भाता नुसता हलवला तरी तो बोलायला लागतो, हळू वाजवलं तर हळू, जोरात तर जोरात, आणि कुठेही कर्कश होत नाही. आमची पेटी आता ओरडायला लागली होती. लेक काळी चारला गाते, म्हणजे चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून, तिथला सा ठीक, पण खाली खर्जात गेलं की सूर लगेच उठायचाच नाही, आधी फुस्स आणि मग आवाज. दीड-दोन महिन्यांत तर पट्ट्या एकमेकींशी भांडायला लागल्या. मी दुकानात फोन केला तर "नवीन भाता आहे, सेट व्हायला वेळ लागतो". बरं.

मग सोसायटीच्या भजनाला पेटी खाली नेली. मंडळात एक आजोबा आहेत, ऐंशीच्या पुढचे, त्यांनी पाच मिनिटं वाजवली, थांबले आणि मला विचारलं, "या पेटीला सर्दी झालीय का गं?" मी हसले. ते हसले नाहीत. म्हणाले, उघडून बघ.

त्यांच्याच ओळखीच्या एका कारागिराने आमच्या हॉलमध्ये सतरंजीवर पेटी उघडली. फळी उलटी केली आणि पहिलं बोट ठेवलं ते स्क्रूवर. १९५६ च्या पेटीत पितळी स्क्रू, एका खाचेचे, आणि इथे निम्म्याहून जास्त स्क्रू अधिकच्या (+) खुणेचे, कोरे करकरीत. मग सूर. सगळे एकसारखे नवे, काहींच्या जिभेवर कानशीने खरवडल्याच्या रेघा. सूर चढवायचा असेल तर जीभ टोकाकडे घासतात, उतरवायचा असेल तर मुळाशी, आणि इथे काही जिभांवर दोन्हीकडे घासलेलं, म्हणजे चढवला, जास्त झाला, मग उतरवला. मी विचारलं, पालिताण्याचे आहेत का? कारण गुजरातेत भावनगर जिल्ह्यात पालिताणा आहे, जैनांचं तीर्थ, तिथले सूर नावाजलेले, हे बाबांकडून ऐकलेलं. तो म्हणाला, पालिताण्याचे चांगले सूर असते तर मी तुम्हाला गप्प बसा म्हटलं असतं. हे त्यातलेही नाहीत.

७८ च्या ७८ बदललेले. आणि मला सांगितले होते तीन.

त्या रात्री बाबांना फोन केला. ते काहीच बोलले नाहीत, मग एवढंच म्हणाले की आदल्या वर्षी खंडेनवमीला पूजेसाठी साफ केली होती तेव्हा फळी काढून ब्रश मारला होता, फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला होता बघ. शोधला. सापडला. आम्ही सगळ्यांनी त्याला हात जोडलेले इमोजी टाकलेत, झूम कुणीच केलं नव्हतं. झूम केल्यावर जुने सूर स्पष्ट दिसतात, आणि त्यात एक वेगळा, फिकट रंगाचा. वहीत त्याचीपण नोंद आहे: १९७१, खर्जातला एक सूर मोडला, देशी घातला.

दुकानात गेले. फोटो दाखवला. मालकांचं "ताई" त्या क्षणी "मॅडम" झालं. म्हणे हा फोटो दुसऱ्या पेटीचा असेल. म्हणे आमच्याकडे आली तेव्हा अशीच होती, पावतीवर लिहिलंय का जर्मन? नाही ना लिहिलेलं. काउंटरवरचा पोरगा तबल्याच्या वाद्या मोजत होता, मोजतच राहिला.

बाहेर चहाच्या टपरीवर कारागीर मामा भेटले. मी त्यांना पहिल्यांदाच नीट बघितलं, बोटांची टोकं पितळेने काळी झालेली. म्हणाले, ताई मला नगावर पैसे, पेटी माझ्याकडे येते तेव्हा जुने सूर काढलेलेच असतात, मी नवे बसवतो आणि जुळवतो, विचारलं तर उद्या काम नाही. खरं बोलत होते का? माहीत नाही. ज्याने फळी बसवली त्याला काढलेल्या सुरांचं काहीच माहीत नसेल हे मला पटत नाही, पण त्या माणसाच्या चपलेला सुतळी बांधलेली होती आणि मालक कारमधून उतरत होते, एवढंही मी बघितलं.

१९१५ वर, म्हणजे ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली. ते तक्रार दुकानदाराकडे पाठवतात, उत्तर मागतात, पण भरपाई हवी तर जिल्हा ग्राहक आयोगात जावं लागतं, दोन वर्षांच्या आत. पाच लाखांपर्यंतच्या केसला फी नाही. मी कागद जमवायला घेतले तर जमवायला होतं काय, एक चिठ्ठी आणि एक फोटो. म्हणून सांगते, पेटी देताना समोर फळी उघडायला लावा, फोटो काढा, आणि पावतीवर सुरांची संख्या न् प्रकार लिहून सही घ्या. जो दुकानदार याला नाक मुरडेल त्याच्याकडून पेटी उचला आणि निघा. बदललेले जुने सूर परत मागा, ते तुमचे आहेत, भंगार असले तरी तुमचे.

आणि हे फक्त पेटीचं नाही. मी हे सांगायला लागल्यावर जो तो आपलं सांगायला लागला. शेजारच्यांनी मुलाला तांब्याचा म्हणून डग्गा घेतला, मी फ्रिजवरचं लोहचुंबक नेऊन लावलं तर टपकन चिकटलं. तांब्याला लोहचुंबक चिकटत नाही. आत लोखंड, वरून तांब्याचा मुलामा. मुलाने मात्र तेच दिवसभर चिकटवून खेळ केला.

तक्रारीनंतर तीनेक आठवड्यांनी मालकांचा फोन. पुन्हा ताई. "तुमच्या बाबांसाठी जीव तुटतो हो. एका पार्टीकडून जुना जर्मन सेट आलाय, अगदी तुमच्याच पेटीला बसेल असा. दुसऱ्याला अठरा हजार सांगितले असते, तुम्हाला आठ. फक्त एक सूर कमी आहे, ७७ च आहेत, तो एक मी माझ्याकडचा घालून देईन."

७७.

मी फोन धरून उभीच राहिले. वही समोर उघडी होती.

नवरा म्हणाला पोलिसात जाऊ. भाऊ म्हणाला रेकॉर्डिंग कर. बाबा शहात्तर वर्षांचे, गेल्या वर्षी बायपास झालेली, ते म्हणाले मला केस नको, सूर हवेत, तो सेट त्याने वितळवला किंवा दुसऱ्याला विकला तर काय करशील? मी चिडले, रडलेसुद्धा, आणि शनिवारी आठ हजार घेऊन गेले. आपल्याच वस्तूचे पैसे दुसऱ्यांदा मोजून दिले. तुम्ही मला मूर्ख म्हणालात तरी चालेल, मीपण म्हणते.

मालक नव्हते, देवदर्शनाला गेले होते. त्या पोरानेच वर्तमानपत्र पसरून सूर मोजले, दहा-दहाचे ढीग लावून, शेवटचा सातचा. पुडी बांधली, पैसे ड्रॉवरमध्ये टाकले. मी जिना उतरले तर तो मागून पळत आला, इकडे तिकडे बघितलं आणि माझ्या हातात एक काडेपेटी ठेवली. हलवली तर आत खुळखुळ.

"मॅडम, स्क्रू आहेत. हेपण तुमचेच."