ट्रुइस्ट पार्कचं 2026 चं सीझन तिकीट: 76 विजय, 86 पराभवांनंतर पुन्हा पैसे घालावेत का?

अल्फारेटा, कमिंग, जॉन्स क्रीकच्या बाजूला राहणारे आपले बरेच जण सध्या हेच विचारतायत की अटलांटाच्या बेसबॉल टीमचं, ब्रेव्ह्सचं, सीझन तिकीट रिन्यू करायचं का सोडून द्यायचं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. माझं मत आधीच सांगून टाकते, घ्या, पण सगळ्या 81 होम मॅचेसचं नको, पार्शल प्लॅन घ्या.

स्टेडियमबद्दल, म्हणजे ट्रुइस्ट पार्कबद्दल, फार लिहीत नाही कारण ते मस्तच आहे. 400 लेव्हलला होम प्लेटच्या मागे बसलात तरी पिचरचा (बॉलरचा) स्लायडर, म्हणजे वळणारा बॉल, कुठून कुठे वळला ते स्वच्छ दिसतं, आणि थर्ड बेसच्या बाजूला सावली लवकर येते, जुलैतल्या अटलांटाच्या उकाड्यात ही फार मोठी गोष्ट आहे. एक गॅलनच्या पारदर्शक पिशवीत घरचं खाणं नेता येतं, म्हणजे चिवडा, पोळीचे रोल आणि सीलबंद पाण्याची बाटली सोबत घेतली की मुलांचा प्रश्न मिटला. मार्टा ट्रेन तिथपर्यंत जात नाही आणि 75 आणि 285 हे हायवे जिथे मिळतात तिथेच पार्क आहे त्यामुळे संध्याकाळच्या मॅचला लवकर निघा, पार्किंग आधीच बुक करा. लवकर पोचलात तर ब्रेव्ह्सचा महान बॅटर हँक ॲरनचा पुतळा मुलांना नक्की दाखवा.

आता मुद्दा टीमचा. 2025 मध्ये 76 जिंकल्या, 86 हरलो, डिव्हिजनमध्ये, म्हणजे आपल्या गटात, चौथे. 2018 पासून सलग सात वर्षं प्लेऑफ, म्हणजे सीझननंतरची बाद फेरी, खेळलेली टीम आणि 2017 नंतर पहिल्यांदाच हरलेल्या मॅचेस जास्त, त्यामुळे लोक चिडलेत ते साहजिकच आहे. सुरुवातच 0-7 ने झाली, त्यातली सातवी मॅच डॉजर्सविरुद्ध, 5-0 ने पुढे होतो आणि शेवटी ओहतानीने होमरन (क्रिकेटमधल्या सिक्ससारखा फटका) मारून 6-5 ने संपवली. मग 5 जूनला इथे घरच्या मैदानावर ॲरिझोनाविरुद्ध नववी इनिंग सुरू होताना 10-4 ने पुढे, आता फक्त तीन आऊट काढायचे, आणि त्या एका इनिंगमध्ये सात रन्स देऊन 11-10 ने हरले!! अशी मॅच हातातून गेली की बुलपेनवरचा, म्हणजे मॅचच्या उत्तरार्धात येणाऱ्या पिचर्सवरचा, विश्वासच उडतो.

पण नीट बघितलंत तर हा सीझन मुख्यतः पिचर्सच्या दुखापतींनी खाल्ला. रेनाल्डो लोपेझ एक मॅच टाकून खांद्याच्या ऑपरेशनला गेला, स्मिथ-शॉवरचं कोपराचं ऑपरेशन झालं, श्वेलनबाखच्या कोपराला फ्रॅक्चर, आणि 2024 चा साय यंग (सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार) विनर ख्रिस सेल जूनमध्ये बॉल अडवायला डाइव्ह मारून बरगडी मोडून बसला तो थेट ऑगस्टच्या शेवटी परतला. बुमरा, शमी, सिराज तिघेही एकदम बाहेर गेले तर आपली टेस्ट टीम कशी दिसेल, तसंच झालं हे. तरीही मॅनेजमेंटला मी सोडणार नाही, आदल्या हिवाळ्यात मॅक्स फ्रीड यांकीजकडे गेला, चार्ली मॉर्टन ओरिओल्सकडे गेला आणि त्यांच्या तोडीचा एकही स्टार्टर (मॅच सुरू करणारा पिचर) आणला नाही, दुखापती होणारच असं धरून दोन माणसं जास्तीची ठेवायला हवी होती की नाही?

बॅटिंगबद्दल मला तेवढी काळजी नाहीये. स्टार बॅटर अकुन्या दुखापतीनंतर वर्षभराने परत आला आणि 23 मे ला समोर आलेला पहिलाच बॉल 467 फूट लांब मारला, अख्खं स्टेडियम उभं! 95 मॅचेसमध्ये 21 होमरन, ते पण दुसऱ्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर. मॅट ओल्सन सगळ्याच्या सगळ्या 162 मॅचेस खेळला. ड्रेक बाल्डविन कॅचर (विकेटकीपरसारखा) म्हणून आला आणि रूकी ऑफ द इयर (सर्वोत्तम नवा खेळाडू) झाला, हा मुलगा पुढची कित्येक वर्षं बघायला मिळणार आहे, माझं तिकीट खरं तर अर्धं त्याच्यासाठीच आहे. रायली पूर्ण सीझन फिट राहिला आणि मायकल हॅरिसने उत्तरार्धात केली तशी बॅटिंग एप्रिलपासून केली तर रन्स होतील. शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधली जागा) 2025 मध्ये निक ॲलनने एकही होमरन मारला नव्हता, आता तो गेला, बदल्यात दुबॉन आलाय आणि किमला एक वर्षासाठी परत घेतलंय, ही सुधारणाच आहे.

स्निटकर मॅनेजर (हेड कोच) म्हणून थांबला आणि वॉल्ट वाइस आला, पण तो 2018 पासून इथेच बेंच कोच होता त्यामुळे फार उलथापालथ होईल असं वाटत नाही. बुलपेनमध्ये मात्र खरंच पैसा घातलाय, शेवटची इनिंग टाकणारा इग्लेसियास राहिला आणि पाड्रेससाठी 40 सेव्ह्ज (आघाडी टिकवून संपवलेल्या मॅचेस) करणारा रॉबर्ट सुआरेझ तीन वर्षांसाठी आणला, म्हणजे जूनसारखी नववी इनिंग सहसा दिसू नये.

माझा हिशोब असा की प्लेऑफ शक्य आहे, डिव्हिजन जिंकणं अवघड, कारण त्याच डिव्हिजनमधले फिलीज 2025 मध्ये 96 जिंकून बसलेत. आणि हे सगळं स्टार्टर्स किती टिकतात त्यावर. सेल आता तिशीच्या शेवटाकडे आलाय, त्याच्याकडून 30 मॅचेसची अपेक्षा धरणं मला बरोबर वाटत नाही. पिचर स्ट्रायडर 2023 मध्ये ताशी 97 मैलांच्या आसपास टाकायचा, 281 स्ट्राइकआऊट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर) काढले होते, कोपराच्या ऑपरेशननंतर वेग 95 च्या घरात आला आणि 2025 मध्ये 7 मॅचेस जिंकून 14 हरला. तो पूर्वीसारखा झाला तर चित्रच बदलेल. जनरल मॅनेजर अँथोपोलसवर माझा भरवसा आहे कारण 2021 मध्ये अकुन्या जुलैत बाहेर गेल्यावर त्याने सोलेर, रोसारियो, डुव्हाल, पीडरसन असे चार आऊटफिल्डर जमवले आणि 88 जिंकलेल्या टीमने वर्ल्ड सिरीज घेतली.

म्हणून पार्शल प्लॅनमध्ये एप्रिल-मेच्या वीकडे मॅचेस जास्त घ्या, हवा पण चांगली असते. स्ट्रायडरचा वेग बघा, सेल दर पाच-सहा दिवसांनी येतोय का बघा, आणि तसं होत असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरच्या फिलीज आणि मेट्सच्या मॅचेसची तिकिटं जूनमध्येच प्लॅनबाहेर वेगळी घेऊन टाका, टीम पुढे गेली की तीच महाग होतात.