सुक्यावर फिरणारं सुकाणू: पेडल कयाकवाल्यांनो, सावध

मालवणपासून देवगडपर्यंतच्या पट्ट्यात एक टेम्पो फिरतो. मागे ताडपत्री, बाजूला ‘वॉटरस्पोर्ट्स सर्व्हिसिंग’ असा फलक, आणि चालवणारा माणूस बोलायला गोड. पाऊस ओसरला आणि आपण अंगणातल्या होड्या धुवायला घेतल्या, की हा हजर. बनाना राइडवाले, जेटस्कीवाले याच्या वाटेला जात नाहीत, कारण त्यांचे मेकॅनिक ठरलेले असतात. हा गाठतो आमच्यासारख्यांना, ज्यांच्याकडे एखाद-दुसरी पेडल कयाक, म्हणजे पायांनी पेडल मारून चालवायची छोटी होडी, आहे आणि जवळपास ती दुरुस्त करणारा कुणी नाही. माझे त्याने साडेअठरा हजार घेतले. नाव लिहीत नाही. एक तर तक्रार चालू आहे, दुसरं म्हणजे नाव लिहून उपयोग नाही, फलक दर मोसमाला बदलतो. पद्धत मात्र तीच राहते, म्हणून पद्धतच सांगतो.

आधी सुकाणूचं थोडं. वल्ह्याच्या कयाकमध्ये सुकाणू नसलं तरी चालतं, दोन्ही बाजूंनी वल्हं मारून माणूस दिशा धरतो. पेडल कयाकमध्ये हात मोकळे, जोर पायांत. माझ्या कयाकला खाली पंखा आहे, काहींना माशाच्या परांसारखी दोन पाती असतात. काहीही असो, वळायचं ते मागच्या, सुकाणूच्या पात्यावरच. सीटच्या बाजूला छोटं हँडल असतं, त्याला दोन दोऱ्या. एक डावीकडून, एक उजवीकडून, होडीच्या पोटातल्या नळ्यांमधून मागे जातात आणि पात्याला दोन अंगांनी धरतात. एक ओढली की दुसरी सुटते. बैलाच्या कासऱ्यासारखंच. पातं वर-खाली करायची दोरी वेगळी. बस, एवढंच यंत्र. मोटर नाही, गिअर नाही, सर्किट नाही. म्हणून ‘पूर्ण असेंब्ली गेली’ हे वाक्य ऐकलं की कान टवकारावेत.

माझी तक्रार साधी होती. डावीकडे कयाक नीट वळायची, उजवीकडे हँडल पूर्ण फिरवलं तरी आळसावल्यासारखी यायची. होमस्टेला येणाऱ्या पाहुण्यांना कर्लीच्या खाडीत कांदळवनाच्या कडेने फिरवायला ती लागते, त्यामुळे दिवाळीआधी ती ठीक होणं गरजेचं होतं. टेम्पोवाला नेमका त्याच आठवड्यात दारात. शेजारच्या वाडीत कुणाच्या तरी कयाकचं काम करून आलोय म्हणाला. (ती वाडी, तो माणूस, नंतर कुणालाच सापडला नाही.)

त्याने कयाक उलटी केली, पातं हलवलं, जीभ टाळ्याला लावून ‘च्च’ केलं. मोबाइलवर कुठल्यातरी परदेशी कंपनीच्या सुकाणूचा फोटो दाखवला आणि म्हणाला, “भाऊ, पातं वाकलंय, पिनचं घर गेलंय, आतली केबल कुजलीय. ओरिजिनल इम्पोर्टेड किट टाकू, पाच वर्षं बघायला नको.” किंमत साडेअठरा हजार, त्यातले दहा आगाऊ. यूपीआयचा कोड टेम्पोच्या दारालाच चिकटवलेला. बिलही लगेच फाडून दिलं, वर जीएसटी नंबर, नावापुढे ‘प्रा. लि.’ इतकं सगळं रीतसर दिसल्यावर शंका घ्यायला जागा उरत नाही, आणि तेच त्याचं भांडवल.

त्या बिलाचं नंतर काय निघालं ते इथेच सांगून टाकतो. जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे 27. पुढची दहा अक्षरं मालकाच्या पॅनची. त्यामुळे नंबरातलं सहावं अक्षर बघायचं: कंपनी असेल तर तिथे इंग्रजी ‘सी’ येतो, एकट्या माणसाचं पॅन असेल तर ‘पी’. याच्या बिलावर वर ‘प्रा. लि.’ आणि सहाव्या जागी ‘पी’. जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करताही नंबर शोधता येतो. शोधला, तर भलत्याच नावाचं, भलत्याच धंद्याचं दुकान निघालं. बिचाऱ्याला आपला नंबर होड्यांच्या बिलावर फिरतोय याचा पत्ताही नसेल.

कयाक परत आली ती चकचकीत होऊन. पातं काळं कुळकुळीत, स्क्रू लखलखीत, मागचा भाग रंगवलेला. त्याने ती वाळूवरच दोन लाकडांवर ठेवली, मला सीटवर बसवलं आणि हँडल फिरवायला सांगितलं. लोण्यासारखं फिरलं. पातं डावीकडे, पातं उजवीकडे, काही अडत नाही. त्याने व्हिडिओ काढला, माझ्याकडून ‘काम मस्त झालं’ असं वदवून घेतलं, उरलेले साडेआठ हजार घेतले आणि भरती चढायच्या आत गेला. पाण्यात उतरवून बघू म्हटलं तर “रंग ओला आहे, उद्या सकाळपर्यंत पाणी लागू देऊ नका.” हे वाक्य लक्षात ठेवा. आचऱ्याच्या एका कयाकवाल्यालाही, ज्याची गोष्ट पुढे येईल, त्याने हेच सांगितलं होतं, अगदी अक्षर न अक्षर.

दुसऱ्या दिवशी एकटाच गेलो, देवबागच्या बाजूने. सुरुवातीला छान. मग हळूहळू हँडल सैल लागायला लागलं, हाताला काही पकडच येईना. त्यात सुकती, म्हणजे ओहोटी, सुरू झालेली. ज्यांनी देवबागचा संगम पाहिला आहे त्यांना सांगायला नको, कर्लीचं पाणी सुकतीला तिथून कसं ओढून समुद्रात जातं आणि वाळूच्या दांड्यावर लाटा कशा उभ्या राहतात. पाय मारतोय, पंखा फिरतोय, कयाक जोरात जातेय, फक्त मला हव्या त्या दिशेला नाही. पेडल थांबवलं, बांधून ठेवलेलं वल्हं सोडलं आणि मागे पाण्यात धरून त्यालाच सुकाणू केलं. पर्यटकांना घेऊन निघालेल्या एका होडीवाल्याने दोर टाकला, म्हणून हे लिहितोय. अंगात लाइफ जॅकेट होतं हेही सांगतो, कारण खाडीतच तर जायचंय म्हणून ते घरी ठेवणारे पुष्कळ आहेत.

संध्याकाळी आमच्या शेजारच्या तांडेलकाकांनी कयाक बघितली. आयुष्य गेलं माणसाचं होडीवर, पेडल कयाक मात्र पहिल्यांदाच उलटीपालटी करून बघत होते. मागचं झाकण काढून दोरी दोन बोटांत धरली, नखाने तिचा पीळ उघडला, ओढून बघितली.

“ह्यां नायलॉन आसा रे. पाणी पिल्यान, सैल पडला.”

“पण काल तर व्यवस्थित फिरत होतं, काका.”

“सुक्यार फिरवन दाखवल्यान तुका. होडी काय सुक्यार चलवतंस?”

सगळं त्यात आलं. सुकाणूच्या दोऱ्या मुळात डायनीमा नावाच्या कृत्रिम धाग्याच्या होत्या, बारीक, पाणी न शोषणाऱ्या, जवळजवळ न ताणणाऱ्या. नायलॉन भिजलं की लांबतं आणि जोर पडला की आणखी ताणतं. नांगराच्या दोराला तो ताण गुण असतो, सुकाणूला तोच घात. वाळूवर पात्याला काही विरोध नसतो, सुतळी बांधली तरी ते फिरेल. पाण्यात पात्यावर दाब येतो तेव्हा दोरीची परीक्षा.

मग काकांनी सुरीचं टोक मागच्या रंगवलेल्या भागावर टेकवलं. रंगाखाली एम-सीलचा गोळा होता. एकदाच उचकटला तर अख्खा, बोटाएवढा तुकडा सुटून हातात आला, मागची बाजू गुळगुळीत, प्लॅस्टिकचा कणही चिकटलेला नाही. चिकटणारच नाही. कयाक पॉलीइथिलीनची, त्या प्लॅस्टिकवर एम-सील, अॅराल्डाइट काहीही धरत नाही. गोळ्याखाली पात्याच्या बिजागरीपाशी चीर होती. ती त्याच्याकडे नेण्याआधी नव्हती, माझ्याकडे कयाक धुताना काढलेले फोटो आहेत. पातं ओढून काढताना त्यानेच पाडली असणार. स्क्रू ‘मरीन स्टील’चे म्हणाला होता, आठवडा उलटायच्या आत त्यांच्या डोक्यांवर चहाच्या रंगाचे ओघळ आले. दोरीच्या टोकाला चेपलेली अॅल्युमिनियमची नळी पांढरी पावडर सोडायला लागली होती.

फोन केला. पहिल्यांदा उचलला. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “तुम्ही मिठाच्या पाण्यात वापरलीत ना? मग वॉरंटी बाद.” देवबागात राहणाऱ्या माणसाने कयाक कुठे चालवायची, नळाखाली? त्यानंतर नंबर बंद.

इथवरची गोष्ट निकृष्ट कामाची म्हणता आली असती. खरी फसवणूक पुढे कळली. ओळखीतून आचऱ्याच्या एका कयाकवाल्याचा पत्ता लागला, त्यालाही याच टेम्पोने ‘इम्पोर्टेड किट’ बसवून दिलं होतं. त्याच्याकडे गेलो, नवं पातं बघितलं. काळा रंग तसाच, पण आतल्या अंगाला रंगाखालून तापल्या सळईने डागलेल्या दोन रेघा आणि मधे ठिपका. ती खूण माझी आहे. माझ्या प्रत्येक सामानावर असते, वल्ह्यावर, कुलरवर, सगळ्यावर. म्हणजे ‘वाकलेलं, निकामी’ म्हणून माझ्याकडून काढलेलं पातं सोळा हजारांना आचऱ्याला विकलं गेलं होतं, आणि माझ्या कयाकवर तिसऱ्याच कुणाचं तरी बसवलं होतं. त्याच्याकडे सुटे भाग नाहीतच. तो ह्याचं त्याला आणि त्याचं ह्याला लावत खाली-वर फिरतो. त्याला येतो तो निव्वळ रंगाचा खर्च.

माझी मूळ तक्रारही आचऱ्याच्या त्या मित्राने तिथेच सोडवून दाखवली. हँडल मधोमध धरायचं, मागे पातं सरळ रेषेत आहे का बघायचं. नसेल तर ज्या बाजूला कमी वळतं त्या बाजूची दोरी सैल झालेली असते, गाठ सरकलेली असते. तिचा ताण वाढवायचा, दुसरी तेवढीच सोडायची. स्क्रू-ड्रायव्हरचं काम. एकाने पातं हाताने घट्ट धरायचं, दुसऱ्याने हँडल हलवायचं: हँडल मोकळं फिरलं तर दोष दोरीत. पातं फिरतंय पण होडी वळत नाही, तर पातं पूर्ण खाली उतरलंय का ते बघा, बहुतेक वेळा वरची-खालची दोरीच अडकलेली असते. हँडल जड लागत असेल तर बिजागरीत वाळू आणि मीठ, गोड्या पाण्याने धुवा. आणि कयाक उभी असेल, पाणी पात्यावरून वाहत नसेल, तर ती वळणारच नाही. तो बिघाड नव्हे. मागे घेताना सुकाणू उलटं लागतं, तोही नव्हे. आमच्याकडच्या निम्म्या पाहुण्यांची ‘स्टिअरिंग खराब आहे’ ही ओरड या दोन्हींतलीच असते.

चिरीचं काम मात्र राहिलं होतं. ते केलं कुडाळच्या एका माणसाने, जो पाण्याच्या टाक्या जोडतो. अंगणातली काळी टाकी आणि कयाक, दोघींचा माल एकच, साचा फिरवून बनवायची तऱ्हाही एकच. त्याने गरम हवेच्या गनने पॉलीइथिलीनचीच काडी वितळवून चीर भरली, आतून पट्टी दिली. साडेचारशे रुपये घेतले, तेही चहा पिऊन झाल्यावर मागितले. दोऱ्या डायनीमाच्या मागवल्या, स्क्रू खाऱ्या पाण्यात टिकणाऱ्या 316 ग्रेडच्या स्टीलचे. ओवताना जरा घाम निघाला, कारण टेम्पोवाल्याने घातलेली नायलॉनची जाड दोरी नळीत फुगून बसली होती. एरवी युक्ती सोपी आहे: जुनी दोरी आधी ओढून काढायची नाही. नवीचं टोक जुनीला बांधायचं, टेपने गुळगुळीत करायचं आणि जुनी मागून ओढायची, नवी आपोआप नळीत येते. आम्हाला इलेक्ट्रिशियनची वायर ओढायची स्प्रिंग लागली. डायनीमा बुळबुळीत असतो, साधी गाठ सरकते, म्हणून गाठ दुहेरी मारून शेपूट लांब ठेवलं. पहिल्या फेरीनंतर ताण पुन्हा एकदा जुळवला. सगळं मिळून दोन हजारांच्या आत.

आता कुणीही दुरुस्तीला आला तर मी कयाक देण्याआधी मागच्या भागाचे, बिजागरीचे, दोऱ्यांच्या टोकांचे जवळून फोटो काढतो. काढलेला प्रत्येक भाग, कितीही भंगार असला तरी, परत मागतो आणि हे बिलावर लिहून घेतो. शेवटचे पैसे पाण्यात अर्धा तास चालवल्यावर. भरती नसेल तर भरती येईपर्यंत थांबायचं, चहा-जेवण माझ्याकडून. खऱ्या कारागिराला याचं काही वाटत नाही. टाकीवाला उलट म्हणाला, “आधी पाणी भरून बघा.”

तक्रारीचं असं आहे: यूपीआयने पैसे गेले असतील आणि समोरचा गायब असेल तर सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, उशीर झाला की पैसे पुढे सरकतात. ग्राहक हेल्पलाइन 1915. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही, ऑनलाइन दाखल करता येते आणि मुदत दोन वर्षांची आहे. आचऱ्याच्या मित्राने आणि मी तक्रार केली आहे, बिल, यूपीआयची नोंद, पात्यावरच्या खुणेचे फोटो जोडले आहेत. आणखी कुणाची तशीच तक्रार असेल तर तीही करा.

माझं पातं मला परत मिळालं. आचऱ्याच्या मित्राने स्वतः नवं मागवलं. आता माझ्याकडे एक जादा पातं पडून आहे, जे टेम्पोवाल्याने माझ्या कयाकला लावलं होतं. रंग खरवडल्यावर मूळ रंग निळा निघाला, खालच्या टोकाला खडकावर आपटून उडालेला टवका आहे आणि पिनच्या भोकाशी कुणीतरी चाकूने कोरलेला ‘र’. पावसाळ्यानंतर ज्या ‘र’ने आपलं निळं पातं भंगार म्हणून टेम्पोत दिलं असेल, त्याने येऊन ते घेऊन जावं. पातं चांगलं आहे, काही झालेलं नाही त्याला.