वडिलांची पद्मिनी, पावणेतीन वर्षं आणि उघडं पडलेलं इंजिन

सांगलीत शंभर फुटी रोडच्या बाजूला असलेल्या एका गॅरेजचा हा अनुभव आहे. नाव लिहीत नाही, कारण तिथे चार पोरं कामाला आहेत आणि त्यांचा यात काही दोष नाही. पाचपैकी एक स्टार. तो पहिल्या पंधरा दिवसांच्या कामासाठी, आणि तो मी मनापासून देतेय.

गाडी बाबांची. १९८६ ची प्रीमियर पद्मिनी, पांढरी, स्टेअरिंगलाच गिअर असलेली. बाबांची मार्केट यार्डात हळदीची अडत होती. नमुन्याच्या पुड्या कायम डिकीत असायच्या, त्यामुळे मागच्या सीटवर बसलं की हळदीचा वास यायचा. औदुंबर, नरसोबाची वाडी, माझ्या लग्नाची पाठवणी, सगळं या गाडीतून झालं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे, यावरून अंदाज करा. आमचं घर गावभागात. गाडी टपासकट पाण्याखाली होती. पाणी ओसरल्यावर बाबांनी कुणाला किल्लीला हात लावू दिला नाही. चारही प्लग काढले, हँडल फिरवून गढूळ पाणी बाहेर काढलं, ऑइल सोडलं आणि प्लगच्या भोकांतून नवं ओतलं. तेव्हा ते बहात्तर वर्षांचे होते. पुढे लॉकडाऊन आलं, मग २०२१ चा पूर, आणि गाडी तशीच राहिली. इंजिन जाम झालं.

जानेवारी २०२३ मध्ये गाडी या मिस्त्रींकडे दिली. इंजिन, पत्रा, वायरिंग आणि रंग मिळून १ लाख ८५ हजार ठरले. "पाडव्याला गाडी दारात लावतो ओ ताई, काय काळजी करू नका." पाडवा २२ मार्चला होता.

माणसाच्या हातात कला आहे, हे मी आजही म्हणेन. आधी दुसऱ्या दोघांनी "भंगारात घाला" सांगितलं होतं. यांनी सिलिंडरमध्ये चार दिवस डिझेल भरून ठेवलं, मग फ्लायव्हीलच्या दात्यांना पट्टी लावून इंजिन केसभर पुढे, केसभर मागे असं हलवत सोडवलं. जोर कुठेच लावला नाही. बाबांना म्हणाले, "काका, त्या वेळी तुम्ही ऑइल ओतलं म्हणून हे वाचलंय." बाबा घरी येऊन आईच्या फोटोसमोर बराच वेळ बसले होते.

मग हेड, म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, उघडलं. खालचा सडलेला पत्रा कापून नवा वेल्ड केला. आणि काम तिथेच थांबलं.

सुरुवातीची कारणं खरी वाटायची. पद्मिनी बंद होऊन पंचवीसेक वर्षं झाली, सामान सहज मिळत नाही हे मलाही कळतं. पिस्टन सेटसाठी २५ हजार दिले. पत्र्याच्या सामानाला ४० हजार. सुरुवातीचे ५० हजार धरून १ लाख १५ हजार गेले. बिलं हातात आली ती ३१ हजारांची. पिस्टन "पुण्याहून निघालाय" असं मी दीड वर्ष ऐकलं. शेवटी मीच नाना पेठेत गेले, नंतर मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला. दुसऱ्या फेरीत सेट मिळाला, डबा नेऊन त्यांच्या टेबलावर ठेवला. तो तीन महिन्यांनीही तिथेच होता, वर चहाचे ग्लास ठेवलेले.

खरं नुकसान मला उशिरा समजलं. गाडी मागच्या शेडमध्ये ढकलली होती आणि तिथला पत्रा गळत होता. हेड काढलेलं, बोअर (पिस्टन फिरतो त्या सिलिंडरच्या पोकळ्या) उघडे, वरून साधं ऑइलचं फडकंही फिरवलेलं नाही. दोन पावसाळे इंजिन तसंच होतं. मी बोट आत घातलं तर लाल गंज बोटाला लागला, आणि आत नखाला अडकतील असे खड्डे. नव्या वेल्डिंगला प्रायमर मारला नव्हता, तिथेही गंज चढलेला. पुरातून जे वाचलं होतं ते इथे गेलं. मी पैशांपेक्षा यासाठी जास्त रडले. "मला जमत नाही, घेऊन जा" असं २०२३ मध्येच सांगितलं असतं तर हेड लावून गाडी जशी होती तशी परत नेली असती. माणूस भांडला नाही, कधी उलट बोलला नाही. दर वेळी "शनिवारी बघा" म्हणाला, आणि मी दर वेळी विश्वास ठेवला.

उशिराचा भुर्दंड कागदावरही बसला. नोंदणीची मुदत संपलेली आहे, आणि गाडी चालती झाल्याशिवाय आरटीओत तपासणीला नेता येत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींचं नूतनीकरण शुल्क ५ हजारांवरून १० हजार झालं.

दिवाळीनंतर गाडी उचलली. पोलिसांकडे गेले नाही. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर बोलले, त्यांनी जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग सांगितला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे तक्रारीची फी नाही, पण तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. हे मला आधी माहीत असतं तर "शनिवार" मोजत बसले नसते. जुनी गाडी कुणी कामाला देणार असेल तर इंजिन नंबर, चॅसिस नंबर आणि काढलेल्या प्रत्येक भागाचा फोटो स्वतःकडे ठेवा, आणि एक टप्पा डोळ्यांनी बघितल्याशिवाय पुढचे पैसे देऊ नका. माझ्याकडे फोटो नव्हते. नट-बोल्ट बिस्किटांच्या दोन डब्यांत एकत्र टाकलेले मिळाले, कुठला कुठे लागतो ते आता नव्या मिस्त्रींना एकेक लावून बघावं लागतंय.

फ्लॅटबेडवरून गाडी उतरवली तेव्हा बाबा काठी टेकत बाहेर आले. आत सीट नव्हती, प्लास्टिकचा स्टूल ठेवून त्यांना बसवलं. त्यांनी क्लच दाबला, गिअरचा दांडा स्वतःकडे ओढला आणि पहिल्यात टाकला. न बघता.

इंजिनचा ब्लॉक सध्या मिरजेत लेथवर आहे. मूळ बोअर ६८ मिलिमीटरचा, आता अर्धा मिलिमीटर वाढवायचा आहे, म्हणजे मी आणलेला पिस्टन सेट चालणार नाही, दुसरा शोधायचा. कार्बोरेटर, दोन हबकॅप आणि डिकीचं कुलूप अजून त्या गॅरेजमध्येच आहे. मिळालं तर इथे तसं लिहीन.