लोहाराचा सुरा, ऑर्डरचा चाकू की कंपनीचा: रानात भरवसा कशावर ठेवायचा?

पाऊस तोंडावर आला की पन्हाळा-पावनखिंड मोहिमेला निघालेली पोरं आणि गगनबावड्याकडं रान असलेली माणसं एकच प्रश्न विचारतात: हातानं घडवलेला चाकू दांडग्या कामाला टिकेल का? कोल्हापुरात राहणाऱ्यापुढं पर्याय तीन. लोहाराकडून ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचा सुरा करून घ्यायचा, चाकू बनवणाऱ्या एखाद्या हौशी कारागिराला ऑर्डर द्यायची, नाहीतर कंपनीचा तयार चाकू मागवायचा. दगा तिन्ही देऊ शकतात, फक्त प्रत्येकाची कारणं वेगळी.

पाट्याचं पोलाद कमी प्रतीचं असतं, हा समज आधी सोडा. त्यात साधारण 0.5 ते 0.6 टक्के कार्बन असतो, जोडीला सिलिकॉन-मँगनीज किंवा क्रोमियम. धक्के खायलाच ते बनवलेलं असतं. पण भंगारातला पाटा आयुष्यभर लवून थकलेला असतो. त्यात बारीक चीर पडलेली असली तर डोळ्यांना दिसत नाही आणि घणाखाली ती मिटेलच असं नाही. लोहार नवा पाटा वापरायला तयार असेल तर चार पैसे जास्त द्यावेत.

खरी गोम पाण्यात, म्हणजे पातं तापवून-विझवून कडक करण्यात आहे. पाटा स्प्रिंग म्हणून मऊसर ठेवलेला असतो, कडकपणा मोजायच्या रॉकवेल सी मापात 45 च्या आसपास. चाकूच्या धारेला 56 ते 58 हवं. काही जण पाटा नुसता ग्राइंडरवर घासून आकार देतात, भट्टी पेटवतच नाहीत. असा सुरा मोडणार नाही हे खरं, पण बांबूच्या पेरावर चार घाव घातले की धार एका अंगाला वळते. नखावरून अलगद ओढली तर एका बाजूनं अडकते, तेव्हा कळतं. याच्या उलट, कुणी लालबुंद पातं गार पाण्यात विझवलं आणि पुन्हा शेकलंच नाही, तर ते दगडावर पडलं तरी काचेसारखं तडकायचं.

नीट पाणी द्यायचं म्हणजे पातं चुंबकाला चिकटेनासं होईपर्यंत, साधारण 770 अंशांच्या थोडं वर, तापवायचं, कोमट तेलात विझवायचं आणि मग 200 ते 250 अंशांवर परत शेकायचं. घासून चकचकीत केलेल्या जागेवर तेव्हा गव्हाळ ते तपकिरी रंग चढतो. टोकाला निळा रंग दिसला तर तिथलं पाणी उतरलं म्हणून समजा. बहुतेक वेळा हे भट्टीत होत नाही, शेवटची धार काढताना ग्राइंडर एका जागी रेंगाळल्यानं होतं. पॉलिश मारलं की निळा डाग जातो, मऊपणा मात्र राहतो. म्हणून पैसे देण्याआधी कानस मागा. टोकाला, मध्ये आणि मुठीजवळ, तिन्ही ठिकाणी धारेच्या कडेवरून ती हलक्या हातानं ओढा. घसरली तर पाणी बसलंय. लोखंड खरवडू लागली तर परत भट्टीत घालायला सांगा. चांगला लोहार यावर चिडत नाही.

यात आपल्या गावाचा एक फायदा आहे. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथं फौंड्री आणि मशीनच्या सुट्या भागांचं काम चालतं, त्यामुळं रॉकवेलचं मशीन कुठं ना कुठं ओळखीत निघतं. ठिपक्याएवढी खूण पडते आणि आकडा हातात येतो.

ऑर्डरच्या चाकूत दिखाऊपणाचा धोका मोठा. शिसवी मूठ, नक्षी, पोलादाचे थर जोडून केलेलं लाटालाटांचं दमास्कस पातं. नुसतं फोटोत भारी. त्यात थर नीट जुळले नसतील तर ऐन कामात सुटतात. दांडग्या वापराला दमास्कस मी तरी घेणार नाही. कारागिराला विचारा: पोलाद कुठलं, पाणी कुणी दिलं, कडकपणा किती, पात्याचं लोखंड मुठीत शेवटपर्यंत गेलंय का. स्टेनलेस म्हणाला तर भट्टीचंही विचारा, कारण ते पोलाद 1000 अंशांच्या वर मोजून-मापून तापवावं लागतं, कोळशाच्या भट्टीत अंदाजानं जमत नाही. उत्तरं धडाधड आली तर काही हजार रुपये सार्थकी लागतील. ‘एकदम कडक आहे बघा’ एवढंच आलं तर पुढं चला.

कंपनीच्या चाकवाचं वेगळं. स्वीडनच्या ‘मोरा’ कंपनीचा ‘कम्पॅनियन’ चाकू घ्या: पातं 2.5 मिलिमीटर जाड, लोखंड मुठीत अर्धवटच गेलेलं. लाकडात घालून पिळायला तो नाहीच. पण पाणी प्रत्येक नगाला सारखं. त्याच कंपनीचा गार्बर्ग 3.2 मिलिमीटरचा, पातं मुठीच्या टोकापर्यंत, दांडक्यानं ठोकून लाकूड फोडायला चालणारा. किंमत अर्थातच चढी. स्टेनलेस घेतला तर गगनबावड्याच्या पावसातही गंजाची कटकट कमी. पाट्याच्या सुऱ्याला रोज पुसून तेलाचं बोट लावावं लागतं, आणि ओल्या चामडी म्यानात ठेवला तर सकाळी तांबेरा दिसणारच.

माझा कौल: झुडपं तोडायची, बांबू छाटायचा, तर लोहाराचा कोयता, डोळे झाकून नव्हे, कानस लावून. धार वळली तर पुढच्या बाजारादिवशी तोच माणूस दुरुस्त करून देतो, ही सोय कंपनीत नाही. ट्रेकच्या पिशवीत मात्र कंपनीचा छोटा स्टेनलेस. पावनखिंडीच्या वाटेवर चाकवाला काम तरी काय, दोरी आणि काकडी! ऑर्डरचा चाकू वर्षभर रानात राबणाऱ्यानं, चौकशी करून घ्यावा.

मापाचंही भान ठेवा. घरगुती किंवा शेतीकामासाठी नसलेलं पातं 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद असेल तर ते शस्त्र नियमांच्या कक्षेत येतं. आणि राधानगरी-दाजीपूर अभयारण्यात जाताना चाकू घरीच ठेवा: 1972 च्या वन्यजीव कायद्यात चाकूही शस्त्रांतच मोडतो आणि लेखी परवानगीशिवाय तो आत नेता येत नाही.